खेड्यांतील मतदाराचा हिशेब

निवडणूक आटोपली कीं शहरांतील सुशिक्षित मंडळी खेड्यांतील मतदाराविषयीं एक ठराविक निर्णय देऊन मोकळी होतात: तो जात पाहतो, नाहीं तर आदल्या रात्रीं हातावर पडलेले पैसे पाहतो, पक्षाचें धोरण त्यास काय कळणार! हाच निर्णय आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांतूनही आम्हांस वारंवार वाचावयास मिळतो. आणि नवल असें कीं, तो लिहिणारे बहुतेक विद्यार्थी स्वतः शेतकऱ्यांचीं मुलें असतात. आपल्या आईबापांविषयीं असें मत बाळगण्यापूर्वीं त्यास पुरावा काय आहे हें पाहणें बरें. त्यासाठीं लांब जावयास नको. सानगडी ज्या साकोली मतदारसंघांत येतें, त्याचा व आपल्या भंडारा जिल्ह्याचा इतिहास पुरेसा आहे.

प्रथम 1954 सालची गोष्ट घेऊं. त्या काळीं भंडारा हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ होता. म्हणजे एक जागा सर्वसाधारण व दुसरी अनुसूचित जातींसाठीं राखीव. प्रत्येक मतदारास दोन मतें असत. मात्र तीं दोन्ही एकाच उमेदवारास देतां येत नसत. 1952 च्या पहिल्या निवडणुकींत येथून निवडून आलेले काँग्रेसचे चतुर्भुज जसाणी हे ज्या पेढीचे भागीदार होते, तिचा सैनिकांस विड्या पुरविण्याचा सरकारशीं करार होता. असा करार असणारा मनुष्य लोकसभेचा सभासद होऊं शकत नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें 1954 च्या फेब्रुवारींत ठरविलें. (विडीपायीं खासदारकी गेली, हें उदाहरण आमच्या विड्यांच्या जिल्ह्यासच शोभतें!) त्यानंतर मे महिन्यांत पोटनिवडणूक झाली. सर्वसाधारण जागेसाठीं प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे राहिले. राखीव जागेसाठीं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, व त्यांच्याविरुद्ध काँग्रेसचे भाऊराव बोरकर. निकाल लागला तेव्हां अशोक मेहता विजयी झाले, आणि डॉ. आंबेडकर आठ हजारांहून अधिक मतांनीं पराभूत झाले.

येथें विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबावें. मतदार तेच, निवडणूक तीच. तरी एका जागीं काँग्रेस हरली व दुसऱ्या जागीं जिंकली. तेव्हां केवळ काँग्रेसवरील प्रेमानें किंवा रागानें या निकालाचा उलगडा होत नाहीं. आपल्या अनुयायांनीं दुसरें मत वायां घालवूं नये असें डॉ. आंबेडकरांनीं बजावलें होतें, असें त्या निवडणुकींत त्यांच्याबरोबर काम केलेले दत्तोपंत ठेंगडी यांनीं नमूद केलें आहे. म्हणजे फेडरेशनचीं दुसरीं मतें मेहतांकडे जाण्यास वाट मोकळी होती. पण मेहतांस मत देणाऱ्या पुष्कळांचें दुसरें मत डॉ. आंबेडकरांकडे वळलें नाहीं. कोणी कोणत्या पेटींत मत टाकलें हें गुप्त मतदानांत कळत नाहीं, हें खरें. तथापि ज्यांनीं देशाची घटना रचण्यांत सर्वांत मोठा वांटा उचलला, त्यांच्या वांट्यास आलेली ही तूट जातीवांचून दुसऱ्या कशानें समजावून देतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. शहरी टीकाकाराचा आरोप अगदींच निराधार आहे, असें म्हणण्याची सोय या जिल्ह्यांत तरी नाहीं.

परंतु तो आरोप अपुरा आहे. काँग्रेसची निशाणी त्या वेळीं बैलजोडीची होती, आणि ज्याच्या घरीं बैल आहेत त्यास ती ओळखावयास अक्षरांची गरज नव्हती. त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, 31 मार्च 1951 रोजीं जुन्या मध्यप्रदेशांत मालगुजारी संपली, व गांवचे तलाव मालगुजाराच्या हातून सरकारच्या हातीं गेले. ज्या गांवांत पिढ्यान् पिढ्या धानाच्या बांधीस पाणी कोणाच्या शब्दानें सुटतें हाच मुख्य प्रश्न होता, तेथें हें लहान स्थित्यंतर नव्हे. पुढें त्या तलावांची काय दशा झाली, किती गाळानें भरले, हा वेगळा व दुःखाचा विषय आहे. पण त्या वेळीं बैलजोडीस मत देणाऱ्यास आपण कशासाठीं मत देतों हें कळत नव्हतें, असें म्हणणें अन्यायाचें होईल.

आतां अलीकडे येऊं. आपल्याकडे मुख्य पीक धानाचें. तेव्हां मताचा हिशेबही पुष्कळदां धानाच्या मापानेंच होतो. केंद्र सरकार आधारभूत किंमत ठरवितें. खरेदी केंद्रावर धान मोजून द्यावयाचें, व चुकारा बँकेंत जमा होण्याची वाट पाहावयाची. केंद्र उशिरां उघडलें किंवा बारदाना संपला, तर उधारी फेडण्याच्या घाईंत असलेला लहान शेतकरी तेंच धान व्यापाऱ्यास कमी भावानें घालतो. भाव जाहीर करणारें सरकार वर्तमानपत्रांत दिसतें; बारदाना न पोंचविणारें सरकार शेतकऱ्यास प्रत्यक्ष भेटतें.

आमचा शेतकरी शेजारच्या राज्याकडेही डोळे लावून असतो. 2023-24 च्या हंगामांत साध्या धानाची आधारभूत किंमत क्विंटलास 2,183 रुपये होती. छत्तीसगडांत भारतीय जनता पक्षानें निवडणुकींत कबूल केल्याप्रमाणें 3,100 रुपये दर दिला. तत्पूर्वीं 2018 सालीं तेथेंच काँग्रेसनें 2,500 रुपयांचें वचन देऊन सत्ता मिळविली होती. महाराष्ट्रानें त्याच हंगामांत हेक्टरीं 20,000 रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, प्रोत्साहन म्हणून जाहीर केले. समजा, हेक्टरीं 40 क्विंटल धान झालें. तर छत्तीसगडच्या शेतकऱ्यास आधारभूत किंमतीहून 36,680 रुपये अधिक, व आमच्या शेतकऱ्यास 20,000. हें गणित सातवींतील विद्यार्थी करूं शकेल. आणि ज्याच्या घरीं तें धान आहे तो तर बोटांवर करतो. त्यांत जात कोठेंच येत नाहीं. पक्षही नांवापुरताच येतो, कारण भाव वाढवून देण्याचें वचन दोन्ही पक्षांनीं दिलें.

म्हणूनच पक्षापेक्षां माणसाकडे पाहण्याची संवय येथें बळावली आहे. नाना पटोले हे 1999 व 2004 सालीं लाखांदूरमधून काँग्रेसतर्फे विधानसभेवर गेले. 2009 सालीं साकोलींतून भारतीय जनता पक्षातर्फे. 2014 सालीं त्याच पक्षातर्फे प्रफुल्ल पटेल यांस सुमारे दीड लाख मतांनीं हरवून लोकसभेवर. 2017 च्या खरिपांत तुडतुड्यानें धान खाल्लें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, सरकार शेतकऱ्यांचें ऐकत नाहीं असें म्हणून त्यांनीं खासदारकीचा राजीनामा दिला. 2018 च्या मे महिन्यांतील पोटनिवडणुकींत राष्ट्रवादी काँग्रेसचे मधुकर कुकडे निवडून आले. एका वर्षानें लोकसभेस त्याच मतदारांनीं पुन्हां भारतीय जनता पक्षाचे सुनील मेंढे यांस मोठ्या फरकानें निवडलें. आणि त्यानंतर पांच महिन्यांनीं साकोलीनें विधानसभेस काँग्रेसचे म्हणून पटोले यांस निवडलें. यास कोणी चंचलपणा म्हणतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. दिल्लीस कोण बसावें हा एक प्रश्न, आणि तहसील कचेरींत अडलेला कागद कोण हलवील हा दुसरा. दोहोंचें उत्तर एकच असलें पाहिजे असा नियम कोणी केलेला नाहीं.

जातीचा प्रश्नही या कागदापाशींच पुन्हां उभा राहतो. कुणबी, कोहळी, तेली, पोवार, गोवारी, बौद्ध, गोंड, कोणताही गरीब मनुष्य घ्या. कचेरींत त्याचें काम सरळ होत नसेल, तर तो ओळखीचा मनुष्य शोधतो, आणि ओळख बहुधा आपल्या नात्यागोत्यांतच सांपडते. अशा मतदारास जात सोडा म्हणून उपदेश करणें सोपें आहे. पण त्याचा दाखला ओळखीवांचून मिळूं लागेल, तेव्हांच जात पाहण्याची त्याची गरज कमी होईल. 1954 सालच्या निकालास मात्र आम्ही ही सबब लावूं इच्छीत नाहीं. डॉ. आंबेडकरांस मत नाकारण्यानें कोणाचा कागद हलणार नव्हता.

सर्वांत नवा हिशेब स्त्रियांचा आहे. पूर्वीं घरांतील कर्ता पुरुष जें चिन्ह सांगे, तेंच सासू-सुना लावीत, ही गोष्ट आम्हीं वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे. 2024 च्या जुलैपासून राज्य सरकारनें लाडकी बहीण योजनेखालीं पात्र स्त्रियांस दरमहा 1,500 रुपये, आणि तेही त्यांच्या स्वतःच्या खात्यांत, देण्यास आरंभ केला. रोवणीच्या मजुरीवर दिवस काढणाऱ्या बाईस ही रक्कम थोडी नव्हे. त्याच वर्षीं लोकसभेस येथून काँग्रेसचे प्रशांत पडोळे निवडून आले होते. नोव्हेंबरांत विधानसभेस मात्र साकोलींत काँग्रेसचे पटोले केवळ 208 मतांनीं वांचले. या घसरणीस ती योजना कितपत कारण झाली हें मोजून सांगण्याचें साधन नाहीं. पण एकाच घरांतील दोन मतें दोन बाजूंस गेलीं असल्यास आम्हांस आश्चर्य वाटणार नाहीं. पैसे घेऊन मत दिलें, असा याचा अर्थ करणाऱ्यांनीं धानाच्या प्रोत्साहन रकमेस तोच शब्द लावून पाहावा, म्हणजे बाईच्या 1,500 रुपयांस लांच व पुरुषाच्या 20,000 रुपयांस धोरण म्हणण्यांतील गोम ध्यानांत येईल.

208 मतांचा फरक म्हणजे 105 मतदारांनीं आपलें मत इकडून तिकडे नेलें असतें, तर निकाल फिरला असता. खरेदी केंद्रावर काटा चालूं असला, कीं इतकीं माणसें रांगेंत सहज उभीं दिसतात.