स्वस्त संगणकाला बिनतारी जोड

ज्या झाडाची पाने दसऱ्याला सोने म्हणून वाटली जातात, त्याच झाडाचे नाव धारण करणारे आपटा हे पनवेल तालुक्यातील पाताळगंगेच्या काठचे गाव होय. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सोमाटणे आणि रसायनी ही स्थानके मागे पडली की आपटा लागते. तालुक्याचे ठिकाण तसे दूर नाही. तरीही एका दाखल्यासाठी पनवेलला जाऊन येणे म्हणजे मजुरी करणाऱ्या माणसाचा एक दिवस बुडालाच. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज 'आपले सरकार सेवा केंद्रा'तून भरता येतो. जन्ममृत्यूच्या नोंदीचा दाखला किंवा नमुना ८ चा उतारा ग्रामपंचायतीने द्यावयाचा असतो, आणि लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अशा सेवा ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक आहे. ही मुदत पाळली जाईल की नाही, हे आपट्यासारख्या गावी पुष्कळदा एका साध्या गोष्टीवर अवलंबून राहते. ती गोष्ट म्हणजे कार्यालयातील संगणक इंटरनेटला जोडलेला असणे.

शाळांना आणि पंचायतींना मिळणारे कमी किमतीचे मेजावरील संगणक कामाला चांगले असतात. परंतु किंमत उतरविताना उत्पादक जे भाग गाळतो, त्यांत बिनतारी जोडणीचा भाग बहुधा पहिला असतो. अशा संगणकाच्या पाठीमागे तार जोडण्याची चौकोनी खाच तेवढी असते. राउटर एका खोलीत, संगणक दुसऱ्या खोलीत, मध्ये जाड भिंत; अशी स्थिती असली की सुस्थितीतील यंत्र निरुपयोगी ठरते आणि नवा संगणक मागविण्याचा प्रस्ताव तयार होतो. वस्तुतः ही उणीव काही शे रुपयांत भरून निघण्याजोगी आहे.

बिनतारी जोडणी म्हणजे रेडिओ लहरींवरून चाललेले दुहेरी दळणवळण. वाय-फायच्या नावाने ओळखली जाणारी पद्धती १९९७ मध्ये प्रमाणित झाली. तिच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे सहा सेंटिमीटर भरते. पहिली भिंतीपलीकडे अधिक चांगली पोहोचते. दुसरी अधिक वेगवान असली तरी भिंतीशी लवकर हार मानते. एके काळी आपल्या देशात रेडिओ ऐकण्यासाठीसुद्धा परवाना काढावा लागे, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. २००५ साली केंद्र शासनाने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला, म्हणून आज शाळेला वा पंचायतीला वाय-फाय वापरण्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही.

कोणते साधन घ्यावे?

सर्वांत सोपे साधन म्हणजे यूएसबी खाचेत बसणारा वाय-फाय अ‍ॅडॉप्टर. बाजारात त्याला डोंगलही म्हणतात. संगणक उघडावा लागत नाही, त्यामुळे हमीच्या मुदतीतील यंत्राचे सील मोडण्याचा प्रश्न येत नाही. शासकीय पुरवठ्यातून आलेल्या संगणकासाठी हाच मार्ग श्रेयस्कर आहे. नखाएवढे अ‍ॅडॉप्टर दिसायला सुबक असतात, पण त्यांचा अ‍ॅन्टेना नाममात्र असतो. राउटर भिंतीपलीकडे असल्यास थोडे अधिक पैसे देऊन बोटभर लांबीचा, वळविता येणारा अ‍ॅन्टेना असलेले साधन घ्यावे. वेष्टनावर छापलेल्या वेगाला फार महत्त्व देऊ नये. '१५०' असा आकडा असला, तरी प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहूनही कमी वेग मिळतो. दाखल्याचा अर्ज भरण्यास तेवढा पुरतो.

दुसरे साधन मदरबोर्डवरील पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसणाऱ्या कार्डाचे. ते अधिक स्थिर चालते, पण त्यासाठी कॅबिनेट उघडावे लागते, आणि ते काम विजेची तार काढून, जाणकाराच्या हातून व्हावे. हमी संपलेल्या यंत्राला ते शोभते.

खरेदीपूर्वी यूएसबी खाचा मोजाव्यात. ही सूचना किरकोळ वाटेल. पण कळफलक, माऊस, छपाईयंत्र, अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र आणि ई-ग्रामस्वराजवरील देयकांसाठी लागणारे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन एवढे जोडल्यावर स्वस्त संगणकात खाच उरतेच असे नाही. दर वेळी अ‍ॅडॉप्टर उपटून टोकन लावावयाचे ठरविले, तर स्वाक्षरी करण्याच्या नेमक्या क्षणी जोडणी तुटते.

जागेचे महत्त्व

अ‍ॅडॉप्टर लावूनही जोडणी मिळत नाही, अशी तक्रार सार्वत्रिक आहे. तिचे कारण बहुधा उपकरणात नसून जागेत असते. संगणकाची पेटी पत्र्याची. तिच्या मागे, भिंतीच्या बाजूला अ‍ॅडॉप्टर खोचला की एका बाजूस पत्रा आणि दुसऱ्या बाजूस भिंत अशा सांदीत तो अडकतो. मीटर-दीड मीटर लांबीची यूएसबी विस्तारक तार आणून तो मेजावर अथवा फळीवर उघड्यावर ठेवला, तर बराच फरक पडतो. दुसरी खुबी कमी लोकांना ठाऊक असते. निळ्या रंगाच्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या खाचेत एखादे साधन चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास विद्युत गोंगाट निर्माण होतो. म्हणून या पट्ट्यावर चालणारा अ‍ॅडॉप्टर शक्यतो काळ्या खाचेत, निळ्या खाचेपासून दूर लावावा.

राउटर लोखंडी कपाटावर किंवा कपाटात ठेवणे हीही नित्याची चूक आहे. चोरीच्या भीतीने तो कुलपात ठेवला जातो आणि पत्रा लहरींना अडवितो. राउटर उंचावर, खोल्यांच्या मध्यावर असावा. कोकणातील पावसाळ्यात जोडणी मंदावते ती पावसामुळे, असा समज आहे. काही मीटरच्या अंतरावर पावसाच्या थेंबांचा परिणाम नगण्य असतो. ओल धरलेली भिंत मात्र लहरी अधिक शोषून घेते.

ड्रायव्हरचा पेच

अ‍ॅडॉप्टर ओळखण्यासाठी संगणकाला ड्रायव्हर नावाची आज्ञावली लागते. ती इंटरनेटवरून उतरवून घ्या, असे पत्रकात लिहिलेले असते. इंटरनेटसाठी तर अ‍ॅडॉप्टर आणला! सोबत तबकडी दिलेली असली, तरी आजच्या संगणकात तबकडी वाचण्याची सोय क्वचितच असते. यातून सुटका सोपी आहे. मोबाइल यूएसबी तारेने संगणकाला जोडावा, त्यातील 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे, ड्रायव्हर उतरवावा आणि मोबाइल काढून घ्यावा. ज्या शाळांतील संगणकांवर उबंटू किंवा सी-डॅकची 'बॉस' यांसारख्या लिनक्स प्रणाली आहेत, त्यांनी खरेदीपूर्वीच त्या प्रणालीवर चालणारा अ‍ॅडॉप्टर आहे ना, याची विक्रेत्याकडून लेखी खात्री करून घ्यावी.

अ‍ॅडॉप्टर काय करू शकत नाही, हेही ध्यानी घेणे अवश्य आहे. तो संगणकाला राउटरपर्यंत नेतो. त्यापुढची वाट प्रकाशतंतूची वा मोबाइल मनोऱ्याची. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखली जाऊ लागलेली योजना ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्यासाठीच आहे. प्रकाशतंतूच तुटलेला असेल, तर नवा अ‍ॅडॉप्टर आणून उपयोग नाही. दोष कुठे आहे हे ओळखण्याची युक्ती अशी: त्याच राउटरवर मोबाइल जोडून पाहावा. मोबाइललाही इंटरनेट मिळत नसेल, तर तक्रार पुरवठादाराकडे करावी.

राउटर आणि संगणक एकाच खोलीत असतील, तर बिनतारीचा हव्यास धरू नये. दहा मीटरची तार स्वस्तही पडते आणि भरवशाचीही असते. अंगण ओलांडून शाळेच्या वर्गापर्यंत जावयाचे असेल, तेव्हा मात्र बिनतारी बरी. कारण इमारतींमधून ओढलेल्या तांब्याच्या तारेतून विजांच्या दिवसांत जादा दाब शिरून दोन्हीकडील यंत्रे जळू शकतात.

सुरक्षिततेची बाब सेवा केंद्राच्या दृष्टीने गंभीर आहे, कारण या संगणकावरून नागरिकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील जातात. राउटरबरोबर आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. संरक्षणाचा प्रकार डब्ल्यूपीए २ किंवा डब्ल्यूपीए ३ निवडावा; डब्ल्यूईपी हा जुना प्रकार सहज फोडता येतो. अभ्यागतांना वाय-फाय द्यावयाचे असल्यास राउटरमधील पाहुण्यांसाठीचे वेगळे जाळे सुरू करावे. कार्यालयाचा परवलीचा शब्द सूचनाफलकावर लावलेला असू नये.

वीज जाण्याचा प्रश्न उरतो. संगणकाला यूपीएस दिलेला असतो, पण राउटर आणि प्रकाशतंतूची पेटी थेट भिंतीवरील खटक्याला जोडलेल्या असतात. वीज गेली की संगणक चालू राहतो, जोडणी मात्र जाते, आणि अर्धा भरलेला अर्ज पुन्हा भरावा लागतो. या दोन्ही उपकरणांना वीज अगदी थोडी लागते. ती त्याच यूपीएसवर घेता येतात, किंवा राउटरसाठी मिळणारा छोटा बॅटरीसंच वेगळा बसविता येतो.