काडतूस भरण्याआधी

महूकडून निमाडात उतरणारा जुना आग्रा-मुंबई रस्ता मानपुरला घाटाच्या तोंडाशी येतो. आमची शेती तिथे आहे. आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्या नावावर आलेली .३१५ बोअरची रायफलही तिथल्याच घरात आहे. गावात आणि आसपास परवानाधारक बरेच आहेत. काडतुसं महाग, आणि हवी तेव्हा दुकानात मिळतीलच असं नाही. त्यामुळे गेल्या काही वर्षांत तरुण मुलं एकच प्रश्न घेऊन येतात : "दादा, झाडलेली पुंगळी घरीच पुन्हा भरता येते म्हणे. तुम्ही अमेरिकेत शिकून आलात ना? आम्हाला दाखवा की."

हो, मी ते काम जवळून पाहिलं आहे. माझा मावसभाऊ टेक्सासमध्ये राहतो. त्याच्या गॅरेजमधल्या टेबलाशी त्याच्या हाताखाली बसून मी ते शिकलो. तरीही मानपुरच्या घरी तसं टेबल मांडायचं नाही, असं मी या मुलांना सांगतो. का, ते इथे नीट लिहितो, कारण उभ्या उभ्या दिलेलं उत्तर कोणाला पटत नाही.

काडतुसाचे भाग चार : पितळी पुंगळी, बुडाशी बसवलेली टोपी म्हणजे प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की टोपी आणि दारू संपते, गोळी निघून जाते, पुंगळी मागे राहते. ती स्वच्छ करायची, साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, लांबी वाढली असेल तर कापायची, नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची, गोळी बसवायची. ऐकायला हे स्वयंपाकघरातल्या कामाइतकं सोपं वाटतं. पण .३०८ विंचेस्टरसारख्या रायफलच्या काडतुसात दारू असते जेमतेम तीन ग्रॅमच्या आसपास, आणि ती पेटली की आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या चार हजार पटींपर्यंत जाऊ शकतो. तोही तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर. त्याला आवरून धरणारी भिंत म्हणजे ती पितळी पुंगळी, तिच्याभोवतीची नळी आणि तिच्यामागचा बोल्ट. मावसभावाच्या टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा उघडा असायचा. रेडिओ बंद, फोन बाहेर. बोलायचं असेल तर हातातलं काम ठेवून बोलायचं, हा त्याचा नियम.

त्याच्याबरोबर रेंजवर गेलो असताना शेजारच्या टेबलावरच्या एका गृहस्थांच्या रायफलमधून बाराऐवजी नुसता 'फट्' असा आवाज आला. त्यांनी सवयीनं बोल्ट ओढला आणि दुसरं काडतूस चढवलं. रेंज अधिकारी ओरडत धावला, म्हणून पुढचा बार झाला नाही. नळीत सळई घालून पाहिली तर गोळी मधेच अडकलेली. त्या काडतुसात दारू पडलीच नव्हती, एकट्या टोपीच्या जोरानं गोळी तेवढी आत सरकली होती. मागून दुसरी गोळी आली असती तर नळी फाटली असती. ते गृहस्थ कित्येक वर्षं घरी काडतुसं भरत होते, आणि त्यांच्याकडे चांगला वजनकाटा, छापील तक्ते, सगळं होतं.

आता आपल्याकडचं पाहा. काडतुसं भरण्याच्या व्हिडिओंत दिसतात त्या पुंगळ्या बॉक्सर पद्धतीच्या टोपीच्या. बुडाला मधोमध एकच छिद्र, सुईनं ढकललं की टोपी बाहेर येते. लष्करी घडणीच्या पुष्कळ काडतुसांत बर्डन पद्धतीची टोपी असते. तिथे दोन बारीक छिद्रं असतात आणि मधला ठोकळा पुंगळीचाच भाग असतो. सुई घातली तर सुई मोडते. लोक मग खिळे, टोचे, हातोडी घेऊन बसतात. टोपीतलं मिश्रण ठोक्यानंच पेटण्यासाठी बनवलेलं असतं, हे विसरतात.

त्याहून मोठं संकट दारूचं. योग्य जातीची बिनधुराची दारू इथे किराणा मालासारखी मिळत नाही. मग कोणी फटाके फोडून त्यांतली पूड जमवतो, कोणी जुन्या काडतुसांतली काढतो. काळी दारू आणि बिनधुराची दारू यांची जळण्याची रीत वेगळी. फटाक्याची पूड तर कोणत्याच नळीसाठी केलेली नसते. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी ठासणीच्या बंदुकीत काडतुसातून काढलेली दारू घातली. नळी कानाशी फाटली आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली. रानडुकरांना नुसतं घाबरवायचं होतं त्यांना. त्यांचा हात पाहिलेला माणूस मला 'थोडीशी घालून बघू' असं कधी म्हणत नाही.

जुन्या दारूबद्दलही सांगतो, कारण आपल्या घरांत पेट्या फार. नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे बिनधुराची, दारू उष्णतेनं खराब होत जाते. माळव्याचा उन्हाळा आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक हे तिच्यासाठी सगळ्यांत वाईट ठिकाण. झाकण उघडल्यावर आंबट, नाकाला झोंबणारा वास आला किंवा तांबूस धूर दिसला, तर हात न लावता दूर व्हायचं आणि पोलिसांना कळवायचं.

आणि कायदा. शस्त्र बाळगण्याचा परवाना हा दारूगोळा तयार करण्याचा परवाना नव्हे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५नुसार दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, आणि 'दारूगोळा' या शब्दात त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. स्फोटकांचे परवाने पाहणाऱ्या संस्थेचं, पेसोचं, मुख्यालय नागपूरला आहे. तिचा रस्ता वेगळा, जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या शस्त्र शाखेचा वेगळा. तुमच्या परवान्यावर नेमकं काय लिहिलं आहे ते आधी वाचा. शंका असेल तर लेखी विचारा आणि लेखी उत्तर हातात येईपर्यंत साचा, प्रेस, टोप्या यांतलं काहीही मागवू नका. परदेशातून येताना बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एक काडतूसही विमानतळावर गुन्हा नोंदवायला पुरतं. बाळगणं म्हणजे जाणून बाळगणं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७२ साली मध्य प्रदेशातल्याच एका खटल्यात स्पष्ट केलं खरं, पण ती जाणीव नव्हती हे सिद्ध होईपर्यंत कोर्टाच्या पायऱ्या तुम्हीच चढणार.

ज्या मुलांना मनापासून नेमबाजी करायची आहे, त्यांच्याशी बोलताना मला आनंद होतो. पन्नास मीटरच्या रायफलमध्ये .२२चं रिमफायर काडतूस लागतं. त्याचं पेटतं मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेलं असतं, त्यामुळे ते पुन्हा भरायचा प्रश्नच येत नाही. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवलं ते याच प्रकारात. खाली निमाडात खरगोन जिल्हा, तिथल्या रतनपूरचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर भोपाळच्या अकादमीत घडला, तोही याच प्रकारात. हे नेमबाज काडतुसं भरत नाहीत, निवडतात. एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसं आपल्या नळीतून झाडून बघतात आणि ज्यांचा घोळका लहान येतो ती घेतात. सुरुवात तर दहा मीटरच्या एअर रायफलनंच करावी. आपल्या शेजारी महूला लष्कराचं मार्क्समनशिप युनिट आहे. २०१२ला लंडनमध्ये रौप्यपदक मिळवलेला विजय कुमार तिथेच घडला. एवढं जवळ असताना मुलांनी गॅरेजच्या व्हिडिओंत डोकं घालावं, याचं मला वाईट वाटतं.

ज्यांच्याकडे परवान्याची मोठी रायफल आहे, त्यांनी एक गोष्ट जरूर शिकावी : झाडलेली पुंगळी वाचणं. टोपी पसरून सपाट झाली आहे का, बुडावर घासल्यासारखी खूण आहे का, बुडाच्या थोडं वर चकचकीत कडं उमटलं आहे का. ते कडं म्हणजे पितळ तिथे ताणलं जातंय, पुढच्या खेपेला पुंगळी तुटू शकते. असं काही दिसलं तर रायफल परवानाधारक आर्मररकडे न्या आणि तोवर बार करू नका. कारखान्याच्या नव्या काडतुसानंही जुन्या रायफलीत असं होऊ शकतं.

आणि ज्यांच्या माळ्यावर आजोबांच्या वेळची काडतुसं, दारूचे डबे, टोप्यांच्या डब्या पडून आहेत, त्यांनी त्या जाळू, पुरू किंवा विहिरीत टाकू नयेत. ठाण्याला आधी फोन करा, परवाना आणि यादी हाताशी ठेवा आणि ते सांगतील तसं सगळं जमा करून पावती घ्या. हे काम या उन्हाळ्याच्या आत करा.