तिसरी तार

विजेच्या इस्तरीच्या वायरीत तीन तारा असतात हे आपण पाहिलेच असेल. त्यांपैकी दोन रोज राबतात; तिसरी हिरवी, जिला आपण अर्थिंगची तार म्हणतो, ती वर्षानुवर्षे स्वस्थ असते. जिच्यातून काही वाहत नाही ती जाड कशाला, असे म्हणून पुष्कळ गृहस्थ येथेच काटकसर करितात. आम्हांस ती मोठी घातक वाटते.

पाणी तापविण्याच्या विजेच्या बंबात आतील तारेचे आवरण झिजून ती पत्र्यास टेकली, म्हणजे प्रवाह या तिसऱ्या तारेने धावू लागतो. दाब २३० व्होल्ट व त्या वाटेचा एकंदर अवरोध १ ओहम धरिला, तर तो २३० अँपिअर भरतो. एरवी २,००० वॅटचा बंब ९ अँपिअरसुद्धा घेत नाही! फ्यूज वितळेपर्यंतचे ते क्षण या तारेने सोसले पाहिजेत. ती फार बारीक असली तर आधी तीच वितळते, आणि बंबाच्या पत्र्यात वीज तशीच राहते.

म्हणून दोन्ही तारा तांब्याच्या असता नियम असा : मुख्य तार १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असेल, तर अर्थिंगची तेवढ्याच छेदाची घ्यावी, १६ ते ३५ पर्यंत १६ ची पुरे, त्यापुढे निम्मी. बंबास ४ ची तार, तर तिसरीही ४ चीच.

मात्र वैशाखात अर्थिंगच्या खड्ड्यातील माती सुकून अवरोध २० ओहम झाला, तर प्रवाह साडेअकरा अँपिअरच उरतो व १६ अँपिअरचा फ्यूज ढिम्म हलत नाही. तेथे जाड तारही व्यर्थ. गळती ओळखून वीज तोडणारा आर. सी. सी. बी. नावाचा स्विचच बसवावा लागतो.