सरासरी ६.८ वरून ७.५?

प्रश्न : चार सत्रांची सरासरी ६.८ असताना पदवीअखेर ७.५ गाठता येईल का? (एक विद्यार्थिनी, उल्हासनगर कॅम्प २)

उत्तर : मुंबई विद्यापीठाच्या पद्धतीत प्रत्येक विषयाच्या श्रेणीगुणाला त्याच्या श्रेयांकाने, म्हणजेच क्रेडिटने, गुणून त्या बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागले की सत्राची सरासरी निघते, त्यामुळे ४ श्रेयांकांच्या विषयात चढलेली एक पायरी २ श्रेयांकांच्या विषयातील पायरीच्या दुप्पट मोलाची ठरते, आणि गुणपत्रिकेतला नेमका श्रेयांकांचाच रकाना सहसा कोणी वाचत नाही. पदवीच्या सहाही सत्रांचे श्रेयांक समान धरल्यास ७.५ साठी एकूण ४५ लागतात व २७.२ जमा असल्याने उरलेल्या दोन सत्रांत प्रत्येकी ८.९ मिळवावे लागतील, म्हणजे जवळपास प्रत्येक विषयात ९ गुणांची ‘ए प्लस’ श्रेणी. हे अवघड आहे; ७.२ साठी मात्र सर्वत्र ८ गुणांची ‘ए’ श्रेणी पुरते.