बिनतारी जोडणी आणि संगणकाचा पत्ता

ग्रामपंचायती व शाळा यांच्या कार्यालयांतील अनेक मेजी संगणकांत बिनतारी जोडणीची सोय मुळात नसते. ती बोटाएवढ्या यूएसबी ॲडॉप्टरने करून घ्यावी लागते. व्यवहारात त्यास वायफाय डोंगल म्हणतात. दाखल्यांसाठी दाराशी माणसे उभी असताना, किंवा यू-डायसची माहिती भरण्याच्या अखेरच्या दिवशी जोडणी तुटली, की सारा दोष या चिमुकल्या उपकरणाच्या माथी मारला जातो आणि नव्या खरेदीचा प्रस्ताव पुढे येतो. वस्तुतः पुष्कळदा उपकरण निर्दोष असते. त्याची सेटिंग्ज तेवढी चुकलेली असतात.

यासाठी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. राउटरशी जोडलेल्या प्रत्येक यंत्रास एक आकडी पत्ता लागतो; उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२०. गावातील दोन घरांना एकच घर क्रमांक देऊन नमुना ८ ची नोंदवही चालणार नाही, तसेच येथेही आहे. हे पत्ते राउटर स्वतःच ठरावीक मुदतीसाठी वाटून देतो व मुदत सरण्यापूर्वी त्यांचे नूतनीकरण करतो. या व्यवस्थेस डीएचसीपी असे नाव आहे.

म्हणून तक्रार आली की प्रथम पत्ता पाहावा. विंडोज प्रणालीच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, तेथून ‘वाय-फाय’ व जोडलेल्या जाळ्याच्या ‘प्रॉपर्टीज’ येथवर गेले की ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ ही ओळ दिसते. तेथील आकडे १६९.२५४ ने सुरू होत असतील, तर राउटरकडून पत्ता न मिळाल्यामुळे संगणकाने तो स्वतःच तात्पुरता धारण केला आहे, असे जाणावे. अशा वेळी ॲडॉप्टर बदलून काही साधत नाही. राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा. त्याच्याजवळचा पत्त्यांचा साठा संपला आहे काय, किंवा संदेश फारच क्षीण येत आहे काय, हे तपासावे.

पत्ता ठीक दिसूनही काम चालत नसेल, तर त्याच पानावरील ‘आयपी असाइनमेंट’ ही नोंद वाचावी. तेथे ‘मॅन्युअल’ असल्यास कोणी तरी हे आकडे हाताने भरलेले आहेत. भरणारा तंत्रज्ञ निघून जातो. आकडे मात्र वर्षानुवर्षे राहतात. पुढे सेवा देणारी कंपनी बदलते, नवा राउटर १९२.१६८.० या मालिकेतील पत्ते वाटू लागतो आणि जुन्या १९२.१६८.१ मालिकेत अडकलेला संगणक परका ठरतो. किंवा त्याच पत्त्यावर एखाद्या पाहुण्याचा मोबाइल येऊन बसतो आणि दोघांचीही जोडणी अडखळते. उपाय सोपा आहे. ‘एडिट’ दाबून ‘ऑटोमॅटिक’ निवडावे व बदल जतन करावा. संकेतस्थळांची नावे आकड्यांत उलगडणारा डीएनएसचा पत्ताही हाताने भरलेला असल्यास त्याचीही हीच वाट.

मुद्रकासारख्या सामाईक कामासाठी कायम पत्ता आवश्यकच असेल, तर तो संगणकात न भरता राउटरमध्ये ॲडॉप्टरच्या मॅक क्रमांकावर राखून ठेवणे श्रेयस्कर. मात्र तेव्हा ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ ही सोय बंद असावी. अन्यथा राउटरला दर वेळी निराळाच क्रमांक दिसण्याचा संभव असतो.

आणखी एक गंमत अनुभवास येते. काही ॲडॉप्टरांना स्वतःचा अनुक्रमांक नसतो. ते एका पोर्टमधून काढून दुसऱ्यात लावले, की विंडोज त्यांना नवे उपकरण समजते व ‘वाय-फाय २’ अशी नोंद करते. जुनी सेटिंग्ज जुन्याच नोंदीजवळ राहतात आणि तोच पत्ता पुन्हा भरू पाहिल्यास तो अगोदरच दिलेला आहे, अशी सूचना येते. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये लपलेली उपकरणे दाखवून अंधुक दिसणारी जुनी नोंद काढून टाकावी. झाडलोट करताना डोंगल काढणाऱ्यास पोर्ट न बदलण्याची ताकीद दिलेली बरी.

लहरींविषयी थोडेसे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. स्वस्त ॲडॉप्टर बहुधा तेवढाच पट्टा ओळखतात. ५ गिगाहर्ट्झवरील जाळे त्यांना दिसतच नाही. अमेरिकी सेटिंग्जनिशी आलेल्या काहींना १२ व १३ या वाहिन्याही दिसत नाहीत. राउटरवर १, ६ किंवा ११ ही वाहिनी ठेवली की ही अडचण उरत नाही. यूएसबी ३ चे पोर्ट व त्यावरील हार्ड डिस्क यांच्यामुळे २.४ गिगाहर्ट्झवर व्यत्यय येतो. हातभर लांबीची यूएसबी वायर जोडून ॲडॉप्टर संगणकाच्या पाठीमागून वर, उघड्यावर आणावा. काही वेळाने जोडणी आपोआप सुटत असेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ॲडॉप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ या भागात वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची मुभा दिलेली असते. त्यापुढील खूण काढून टाकावी.

कोणताही बदल करण्यापूर्वी पडद्यावरील जुने आकडे वहीत उतरवून घ्यावेत आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत ॲडॉप्टरच्या नोंदीसमोर त्याचा मॅक क्रमांकही लिहून ठेवावा.