पडलेला दात आणि दंतरोपण

दात पडला की "वय झाले" म्हणून आपण गप्प बसतो. परंतु रिकाम्या जागी जबड्याचे हाड झिजते, शेजारचे दात कलतात व भाकरी चावेनाशी होते.

टायटॅनियम धातू हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क यांना १९५२ साली आढळले. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसविले. हाड धरण्यास साधारण तीन ते सहा महिने लागतात. मग वर दात चढवितात.

विडी-सिगारेट व ताब्यात नसलेला मधुमेह यांमुळे रोपण निकामी होण्याचा धोका वाढतो. पुण्यातील अनेक माता-भगिनी मिश्री लावतात. तिने हिरड्या खराब होतात, कर्करोगाचेही भय असते. म्हणून आधी व्यसन सोडावे, मग दात बसवावा. खर्च झेपत नसेल तर दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी. कवळीचा मार्गही आहेच.