आधी पोरगी, मग परीक्षा, मग पुस्तक

दिवाळे, बेलापूर

चि. बाय हिस,


लेकीला घरीच शिकवायचं तुम्ही दोघांनी ठरवलंत, त्यावर आता खल नको. सातवीच्या गणितासाठी बालभारती घेऊ, एनसीईआरटी घेऊ, की केंब्रिज, सिंगापूरची पुस्तकं मागवू, असं तू विचारलंस. पुस्तक शेवटी ठरव. पोरगी आज गणितात कुठवर आली आहे आणि दहावी कुठून देणार आहे, हे आधी पाहा.

पहिली गोष्ट एका दुपारी कळते. पाचवी-सहावीच्या पुस्तकांतली थोडी उदाहरणं तिला घाल. छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज, दशांशांचा भागाकार, शेकडेवारी, ऋण संख्यांची वजाबाकी. नुसतं उत्तर बघू नकोस, ते कसं काढलं ते तिला तोंडाने सांगायला लाव. कुठे अडली तर खुशाल पाचवीचं पुस्तक उघड. वर्गातल्या बाईंना सगळ्यांना घेऊन पुढे जावंच लागतं, तुला तशी घाई नाही. घरी शिकवण्यातला खरा लाभ हाच आहे. अपूर्णांक कच्चे राहिले, की गुणोत्तर अडतं, गुणोत्तर अडलं, की समीकरणं घोकावी लागतात. आणि मग पोरं म्हणतात, मला गणित येत नाही.

दुसरी गोष्ट दहावीची. राज्य मंडळाकडे 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणार असेल, तर गणिताचे भाग दोन, बीजगणित आणि भूमिती, आणि 40-40 गुणांचे दोन पेपर. भूमितीत प्रमेयांच्या सिद्धता लिहाव्या लागतात, त्यासाठी बालभारतीची वाट सरळ. शाळा सोडल्याचा दाखला मात्र जपून ठेव, फॉर्म भरताना लागतो. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेकडून बसायचं तर वय 14 पूर्ण हवं. तिथली परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पुस्तकं त्यांची वेगळी, पण पायासाठी बालभारती किंवा एनसीईआरटी, कुठलंही चालेल. केंब्रिजचा विचार असेल तर बाहेरचा उमेदवार घेणारं केंद्र आधी शोध आणि फी विचार, पुस्तकांवर पैसे त्यानंतर घाल.

परीक्षेचं एवढं का सांगते? मुंबईच्या मालविका जोशीने सातवीच्या सुमारास शाळा सोडली. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदकं मिळवली आणि 2016 मध्ये तिला अमेरिकेत एमआयटीत प्रवेश मिळाला. आपल्या आयआयटीत मात्र तिला जाता येईना, कारण बारावीचा दाखला नव्हता. बुद्धी असली तरी कागद लागतो. तो कागद नको असेल तर तसं आजच जाणूनबुजून ठरवा, सोळाव्या वर्षी कळायला नको.

माझं मत विचारशील तर बालभारती घे. पुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात, पोरीला भाषा ओळखीची आहे आणि वाट राज्य मंडळ, एनआयओएस दोन्हीकडे जाते. जोडीला एनसीईआरटीचं नवं 'गणित प्रकाश' ठेव, त्यात कोडी आणि शोधून काढायचे प्रश्न बरे आहेत. वाचायला मंगला नारळीकरांचं 'गणितगप्पा' दे. पण क्रम एकाच पुस्तकाचा धर आणि आठवीपर्यंत सोडू नकोस. दर चार महिन्यांनी पुस्तक बदललं, की पोरीची सुरुवातच पुन्हा पुन्हा होते आणि प्रत्येक पुस्तकाच्या फटीतून एखादा धडा गळतो.

मे महिन्यात तिला महिनाभर माझ्याकडे पाठव. सातवीत समप्रमाणाचा धडा आहे, तो इथे जेट्टीवर होईल. आपल्या कोळ्यांचा जुना ठोकताळा तुला माहीत आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पाणी पूर्ण चढतं. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्या झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. ठोकताळ्यात रोज पाऊण तास वाढतो, म्हणजे 45 मिनिटं, आणि प्रत्यक्षात भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. हा फरक तिने स्वतः शोधायचा. कॅलेंडरवरून तिथी घ्यायची, ठोकताळ्याने वेळ काढायची, भरतीच्या छापील वेळापत्रकातली वेळ शेजारी लिहायची आणि चूक किती, कधी वाढते, ते मांडायचं. इथल्या खाडीत पाणी उशिरा का पोचतं, हे ती जेट्टीवर बघून आपणहून विचारेल. अपूर्णांक, प्रमाण, आलेख आणि अंदाजातली चूक, चारही एका वहीत येतील.

घरी मात्र रोज ठरलेल्या वेळी तासभर गणित होऊ दे, मोबाइल बाजूला ठेवून. चुकलेलं उदाहरण खोडू नको म्हणावं, त्याखालीच नव्याने सोडव. आठवड्याने तेच पुन्हा घाल.

पुस्तकांची मागणी अजून नोंदवू नकोस. या रविवारी ती उदाहरणं घाल, तिने सोडवलेली पानं मला पाठव. कुठून सुरू करायचं ते त्यावरून सांगते.

तुझी,
आत्या